हिरव्या पाण्याची टाकी

बी.एस्सी. बॉटनी झालेल्या मुलीला आमच्याकडे स्थळं बघताना एकच प्रश्न विचारत, "म्हणजे बाग छान करता येत असेल?" एका घरी मी सांगितलं, "बाग नाही, शेवाळ चांगलं कळतं." ते स्थळ तिथेच संपलं. पुढचं स्थळ बहारीनचं होतं. मुहर्रकच्या विमानतळावर सामान ओढणाऱ्या गाड्या दुरुस्त करणारा, आमच्याच गुहागरकडचा मुलगा. त्यालाही मी तेच सांगितलं. तो म्हणाला, "आमच्याकडे शेवाळसुद्धा नाही, वाळूच वाळू." मला हसू आलं आणि मी हो म्हटलं.

वाळूच वाळू ही त्याची थाप होती. त्या बेटावर झरे होते. उत्तरेकडच्या खजुराच्या बागांमधून दगडी पाट वाहत होते आणि त्यांत माझ्या डिग्रीला पुरेल एवढं शेवाळ होतं. पण हे मला कळायला तीन वर्षं लागली, कारण पहिली दोन वर्षं मी मुहर्रकच्या एका जुन्या घराच्या वरच्या मजल्यावर, डोक्यावरून जाणारी विमानं मोजत काढली. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले होते. सगळे मला "मिस्त्रींची मिसेस" म्हणत.

मग ईसा टाउनमधल्या एका शाळेत लॅब असिस्टंटची जागा निघाली. नेमणूक टेंपररी. मार्चअखेर संपायची आणि वरच्यांची मर्जी असेल तर एप्रिलपासून पुन्हा सुरू व्हायची. काम म्हणजे काचेची भांडी धुणं, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवणं आणि कोणी काही फोडलं की वहीत लिहिणं. नवरा म्हणाला, "हे तू घरीही करत्येस की." असेल. पण त्या लॅबची किल्ली माझ्या पर्समध्ये असायची, आणि बसमध्ये बसल्यावर मी ती उगाच चाचपून बघायची. बहारीनमध्ये माझी स्वतःची म्हणावी अशी ती पहिली वस्तू होती.

दहावीच्या पुस्तकात एक प्रयोग होता. पाण्यात वाढणारी हायड्रिला नावाची वनस्पती चंचुपात्रात ठेवायची, तिच्यावर नरसाळं पालथं घालायचं, नरसाळ्यावर पाण्यानं भरलेली परीक्षानळी उपडी करायची आणि सगळं उन्हात ठेवायचं. पानांतून बुडबुडे निघतात, नळीत वायू साठतो, त्यात विझत आलेली काडी धरली की ती भडकते. म्हणजे तो ऑक्सिजन. झाडानं उजेड घेऊन आपलं अन्न शिजवलं आणि श्वास आपल्यासाठी सोडला. वनस्पतिशास्त्राचा अर्धा प्राण या एका प्रयोगात आहे, आणि शाळेत तो कोणी कधीही केला नव्हता.

विज्ञानाचे मुख्य शिक्षक मला म्हणाले, "मॅडम, यहाँ हायड्रिला कहाँ मिलेगा? बच्चों से फिगर निकलवाओ. फिगर के पूरे मार्क्स मिलते हैं."

मुलांनी फिगर काढल्या होत्या. बुडबुडे कंपासनं काढलेले, सगळे एका मापाचे. खाली निरीक्षण म्हणून लिहिलेलं, 'काडी भडकलेली दिसली.' चाळीस वह्या मी चाळल्या आणि माझं डोकंच फिरलं. न पाहिलेलं पाहिलं म्हणून लिहायचं, त्यावर शिक्का मारायचा, आणि त्याला विज्ञान म्हणायचं! तशी मी गरीब स्वभावाची नाहीच. मी सरांना म्हटलं, "हायड्रिला नहीं तो उसकी बहन मिलेगी. मैं लाऊँगी." ते हसले. हसू देत.

पुढच्या शुक्रवारी सुट्टी होती. नवऱ्याला वर्कशॉपची पिकअप मागायला लावली आणि आम्ही उत्तरेकडच्या बागांत गेलो. तिसऱ्या बागेत मला हवं ते सापडलं. झऱ्याचं पाणी कमरेएवढ्या खोल हौदात उसळत होतं आणि तिथून पाटानं खजुरांकडे जात होतं. पाण्यात हिरवी झालर हलत होती, तिच्यातून इंचभर लांबीचे मासे सुळसुळत होते, आणि सकाळच्या उन्हात पानापानाला बुडबुडे चिकटलेले होते. मी साडी खोचली आणि उतरले.

"अगो, लोक सुट्टीला सूकच्या बाजारात सोनं बघायला जातात," नवरा काठावरून म्हणाला, "आणि तू चिखलात उतरत्येस."

बागेचा म्हातारा माळी धावत आला. त्याला वाटलं, बाई पडली. मी मूठभर वनस्पती वर धरून दाखवली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, कीव आल्यासारखी मान हलवली आणि म्हणाला, "मफी मुश्किल, कोई बात नहीं. यल्ला, ले जाओ." वर एका डब्यात आठ-दहा मासेही धरून दिले. ते वनस्पतीबरोबरच राहतात, असं त्यानं दोन्ही हातांची बोटं गुंतवून समजावलं.

लॅबच्या मागे एक सिमेंटची टाकी होती. शाळा बांधताना पाणी साठवायला केलेली, नंतर विसरलेली, दोन खाटा मावतील एवढी. नळाचं पाणी मचूळ आणि औषध मारलेलं, म्हणून तीन शुक्रवार आम्ही त्या बागेतून पिंपं भरून पाणी आणलं. नवऱ्यानं तक्रार केली, पण पिंपं उचलली त्यानंच.

प्रयोग नोव्हेंबरात झाला. पाण्यात चिमूटभर खाण्याचा सोडा, खिडकीतलं ऊन, आणि काडीऐवजी उदबत्ती, कारण तिचं टोक निखारा धरून बसतं. अख्खा वर्ग टेबलाभोवती. नळी उचलली, उदबत्तीचं टोक आत सरकवलं आणि ते असं फट्दिशी पेटलं की पुढची रांग मागे सरली. वर्गात एक आमच्या चिपळूणकडची मुलगी होती. मराठी सगळं कळायचं तिला, पण उत्तर कायम इंग्रजीत. ती भान विसरून म्हणाली, "परत करा ना!" मी परत केलं. मधल्या सुट्टीत मुख्य शिक्षक आले, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "एक बार मुझे भी दिखाओ." त्यांनीही तो आयुष्यात पहिल्यांदाच पाहिला.

टाकी आता माझी झाली. मला तिथं निव्वळ बुडबुडे बघायचे नव्हते, टाकी दिवसाला किती शिजवते ते बघायचं होतं. त्याची एक साधी रीत आहे. टाकीचं पाणी दोन काचेच्या बाटल्यांत हवा न राहील असं भरायचं. एक बाटली उघडी, दुसरी चांदीच्या कागदात गुंडाळलेली, आणि दोन्ही टाकीतच दोरीनं सोडायच्या. उघडीला ऊन मिळतं, तिच्यात शेवाळ शिजवतंही आणि खातंही. गुंडाळलेलीत अंधार, तिथं नुसतंच खातं. भरतानाच तिसऱ्या बाटलीत आणि काही तासांनी या दोन्हींत ऑक्सिजन किती ते तपासलं की घरात किती रांधलं, किती रांधणाऱ्यानंच खाल्लं आणि दुसऱ्याच्या पानात वाढायला किती उरलं, सगळं कळतं. तपासायला मँगनीजचं आणि आयोडाइडचं अशी दोन औषधं थेंबथेंब घालायची. ऑक्सिजन भरपूर असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, कमी असेल तर फिकट, आणि अजिबात नसेल तर दुधासारखा पांढरा. पुढे अचूक मोजणीही असते, पण डोळ्याला एवढं पुरे. आठवड्यातून एकदा मी हे करायची. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारतही नव्हतं.

एप्रिलमध्ये ऊन तापलं आणि पाणी हिरवंगार झालं. डोळ्याला न दिसणारं बारीक शेवाळ अंगात आल्यासारखं वाढलं. मला ते बघून भूक लागायची. इतरांना मळमळायचं. मे महिन्यात बक्षीस समारंभ होता, पाहुणे लॅबच्या मागूनच मांडवाकडे जाणार होते. शाळेच्या कमिटीतले, बांधकामाचं बघणारे एक सभासद पाहणीला आले. स्वतः कंत्राटदार. पांढरा सफारी, पांढरे बूट, आणि स्वच्छतेचं असं वेड की खडूची पूड दिसली तरी रुमाल नाकाला. टाकी बघून ते मुख्य शिक्षकांना म्हणाले, "ये स्कूल है कि नाला?"

सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, इसको साफ करवाओ. आपकी पोस्ट टेंपररी है, याद रखो."

आणि इथे मी माती खाल्ली.

माझ्या वडिलांची सुपारीची वाडी आहे. पावसात सुपारीला गळ लागते, म्हणून पावसाच्या तोंडावर मोरचूद आणि चुना कालवून झाडांवर फवारायचा. मोरचूद म्हणजे निळे खडे. ते दिवस आले की आमच्या घरात बादल्या निळ्या, पंचे निळे, बाबांची नखं निळी. त्यांच्या लेखी जगातल्या प्रत्येक दुखण्यावर मोरचूद हेच औषध. वाडीतल्या टाकीत शेवाळ धरलं की ते फडक्यात मोरचुदाची पुरचुंडी बांधून पाण्यात सोडत. तीन दिवसांत तळ दिसायचा. तेच मला आठवलं. केमिस्ट्रीच्या कपाटात मोरचूद होताच, इंग्रजी नावाची चिठ्ठी लावलेला. बाबांनी तो कधी तोलून घातला नव्हता, मुठीनं घालत. मीही मुठीनं घातला. बी.एस्सी.ची डिग्री ट्रंकेत आणि पाण्यात बाबांची मूठ.

दोन दिवसांत पाणी काचेसारखं झालं. सफारीवाले सभासद पुन्हा आले, टाकीत वाकून बघितलं आणि म्हणाले, "वाह! इसको कहते हैं मेंटेनन्स." मला सांगायला लाज वाटते, पण मी खूश झाले. समारंभाच्या दिवशी मी दोनदा टाकीपाशी जाऊन उभी राहिले, कोणी तरी अजून काही चांगलं म्हणेल म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बसमधून उतरले तर वास आला. मासे सगळे वर, पोटं उलटी. वनस्पतीची झालर तपकिरी पडून तळाशी लोळत होती. मी बाटली भरली, औषधं घातली. साका पांढरा बसला. दुधासारखा.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो पडायला फार उशीर झाला होता. निळ्या खड्यांनी थोडं मारलं असेल, पण बाकीचं काम अंधारानं केलं. मी शेवाळ मारलं, म्हणजे त्या पाण्यात श्वास तयार करणाऱ्यांनाच मारलं. मेलेलं कुजायला लागलं, आणि जो श्वास शिल्लक होता तो कुजण्यानं खाल्ला. मासे गुदमरले. कागदाची बाटली मी आठवड्याला टाकीत सोडत होते. आता अख्खी टाकी कागदात गुंडाळली होती, तीही मीच. दुसऱ्या कोणाला बोल लावावा तर तीही सोय नव्हती.

पण माझं रक्त खरं तापलं ते त्यानंतर. मी सरांना सांगितलं, मासे मेले, सगळं मेलं. त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं. "पानी तो साफ है ना?" ते म्हणाले. "मछली निकाल दो." जिवंत हिरव्या पाण्याविरुद्ध चार तक्रारी आल्या होत्या. मेलेल्या स्वच्छ पाण्याविरुद्ध एकही आली नाही. त्या दिवशी मी लॅबमध्ये बसून ठरवलं की यापुढे कोणाला बरं दिसावं म्हणून मी पाण्यात काही घालणार नाही. नोकरी गेली तरी नाही.

सुट्टीत गावी गेल्यावर बाबांना हे सांगितलं. त्यांनी कातरत असलेली सुपारी अडकित्त्यासकट खाली ठेवली. मग म्हणाले, "आपल्या टाकीत मासे होतेच कधी? मरायला कोणी नव्हतं, म्हणून मला वाटायचं औषध गुणाचं आहे."

सप्टेंबरात परत आल्यावर टाकी सात वेळा घासली, धुतली, उन्हात कोरडी केली, आणि पुन्हा त्या बागेत गेले. हौदातलं पाणी आता गुडघ्याएवढंच होतं. सगळीकडे पंप बसले होते, आणि झऱ्याचा जोर उतरत चालला होता. म्हाताऱ्याला मी खरं सांगून टाकलं. मासे मेले. पाण्यात दवा घातली होती.

तो असा भडकला की नवरा मध्ये येऊन उभा राहिला. "दवा मफी! दवा नहीं!" म्हातारा ओरडला, आणि आपले दोन्ही तळहात माझ्या तोंडासमोर नाचवले. "ये! ये दवा!"

मग त्यानं मला पाण्यात उतरवलं आणि शिकवलं. पाटातली वनस्पती दाटली की हातानं उपटायची, पण एक पट्टा काढायचा आणि एक पट्टा सोडायचा. मासे ज्या काठाला असतात तिकडे हात घालायचा नाही. उपटलेलं थोडा वेळ काठावर, पाण्याला लागूनच ठेवायचं, म्हणजे त्यात अडकलेले जीव आपणहून परत जातात. मग ते खजुराच्या बुंध्याशी खत म्हणून. त्याच्या बापानं असंच केलं होतं, बापाच्या बापानंही. माझ्या तीन वर्षांच्या डिग्रीत हे कोणत्याही पानावर नव्हतं. दोन तास त्यानं मला राबवलं आणि शेवटी पिंपं भरून वनस्पती दिली, मी मागितली त्याच्या दुप्पट, आणि डबाभर मासे. "सब ले जाओ," तो म्हणाला. "दो साल, तीन साल, फिर ये खलास." त्याचा राग आता माझ्यावर नव्हता.

म्हणजे टाकी ही आता माझ्या हौसेची गोष्ट राहिली नव्हती. झरा आटला तर त्या पाण्यातला हा जीव राहणार कुठे, याचं एक उत्तर लॅबच्या मागे होतं. मी ती हातानं राखली. पट्टा काढायचा, पट्टा सोडायचा. पाणी कधी नितळ, कधी हिरवट, पण बाटलीतला साका दर आठवड्याला तपकिरी. प्रयोगाला मुलं स्वतः वनस्पती काढून आणू लागली.

जानेवारीत सफारीवाले आले ते मोजायची टेप घेऊनच. बसची वाट बघणाऱ्या मुलांसाठी शेड हवी होती, आणि टाकीची जागा त्यांना पसंत पडली होती. त्यांची मुलगी त्या वर्षी दहावीतच होती, पण त्यांनी लॅबमध्ये पाऊल टाकलेलं मी पाहिलं नव्हतं. "वैसे भी ये गंदा पानी है," ते म्हणाले. "मच्छर होंगे."

"मच्छर नहीं हैं. मछलियाँ अंडे खा जाती हैं," मी म्हटलं. "और गंदा है या नहीं, ये मैं दिखाती हूँ. एक बजे आइए."

आश्चर्य म्हणजे ते आले. सकाळी सातला मी आठवड्याच्या दोन बाटल्या टाकीत सोडल्या होत्या. त्यांच्यासमोर बाहेर काढल्या, चांदीचा कागद सोडला, दोन्हींत औषधं घातली आणि टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. अंधारातल्या बाटलीचा साका बिस्किटासारखा फिकट. उजेडातल्या बाटलीचा कडक चहासारखा. मी त्यांना सांगितलं, हा जो फरक दिसतो आहे तेवढा श्वास या गंद्या पाण्यानं सकाळपासून एवढ्याशा बाटलीत तयार केला. टाकी केवढी ते बघा. गेल्या वर्षी तुम्ही वाह म्हणालात त्या पाण्याची बाटलीही मी भरली होती. तिचा साका पांढरा होता.

त्यांनी रुमालानं बोटं पुसली. "मॅडम, ये रंगों का खेल बच्चों को दिखाओ. शेड तो बनेगी."

"बनाइए. लेकिन दूसरी जगह बहुत है."

"और पिछले साल आपने ही साफ किया था ना?"

"किया था," मी म्हटलं. "मारा था. अब नहीं करूँगी, और किसी को करने भी नहीं दूँगी."

मुख्य शिक्षक भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत उभे होते. जणू त्या तक्त्यात आज काही नवीन छापून आलं होतं. सभासद त्यांना म्हणाले, "प्रॅक्टिकल तक रहने दो. फिर टाकी खलास. और मॅडम का टर्म भी मार्च में खतम होता है ना? ठीक है." माझ्याशी बोलण्याची गरज त्यांना वाटली नाही.

घरी सांगितलं तेव्हा नवरा जेवत होता. "एका शेवाळ्यापायी नोकरी घालवलीस," तो म्हणाला. मी त्याच्या पानात भात वाढला, कारण तोंड उघडलं असतं तर रडू आलं असतं, आणि त्या दिवशी मला कोणासमोरही रडायचं नव्हतं. मला नोकरी हवी होती. फार हवी होती. किल्ली मी पर्समधून काढली आणि पुन्हा पर्समध्ये ठेवली. पण तेवढ्यासाठी मूठभर निळे खडे? नाही.

चौथ्या दिवशी नवरा संध्याकाळी पिकअप घेऊन आला. मागे खोक्यांत काचेच्या बरण्या, लोणच्याच्या, मुरंब्याच्या. विमानतळाच्या कँटीनमध्ये गोळा करून, धुऊन आणलेल्या. "टाकी फोडतील," तो म्हणाला. "बरण्या कशा फोडतील? वर्गात पोरं किती गो तुझ्या?"

एक्केचाळीस होती. फेब्रुवारीत प्रॅक्टिकल झालं. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर एक्केचाळीस उदबत्त्या पेटल्या. नंतर मी प्रत्येकाच्या हातात एक बरणी दिली, टाकीचं पाणी आणि वनस्पतीचा एक तुरा घातलेली. सांगितलं एवढंच, की ऊन द्या, साबण लावू नका, आणि दाटलं तर अर्धं काढून दुसऱ्या बरणीत लावा. मुलं बसमधून बरण्या मांडीवर धरून गेली. मुहर्रक, उम्म अल हस्सम, ईसा टाउन, जिकडे ज्याचं घर तिकडे. सभासदांची मुलगी शेवटी उरली होती. ती म्हणाली, "डॅडी विल थ्रो इट." मी म्हटलं, "बरणी तुझी आहे. तू बघ." तिनं ती दप्तरात ठेवली नाही, हातात घेतली.

मार्चमध्ये दोन कामगार घण घेऊन आले. मी आधीच मासे बादलीत भरून म्हाताऱ्याकडे पोचवले होते. पाणी लॅबच्या भिंतीकडेनं वाहत जाऊन वाळूत मुरलं आणि दुपारपर्यंत तिथं हिरवट पापुद्रा तेवढा उरला. मी शेवटपर्यंत तिथं उभी होते. जायला सांगायची हिंमत कोणाला झाली नाही. मग किल्ली सरांच्या टेबलावर ठेवली. ते म्हणाले, "मॅडम, आप थोडा ॲडजस्ट कर लेतीं..." मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

एप्रिलभर मी घरी होते. आमच्याकडे फोन नुकताच आला होता आणि तो वाजू लागला. मुलांच्या आया विचारायच्या, बाई, हे पाणी हिरवं झालंय, फेकू का? फेकायचं नाही. पाहुणे येणार आहेत हो. तरीही फेकायचं नाही. एकीनं सांगितलं, आमच्या मजल्यावर आता तीन बरण्या आहेत, खालच्या केरळच्या बाईनंही मागून नेली. प्रत्येक फोननंतर मी उगाचच घरभर ताठ चालायची. नवरा म्हणायचा, "आल्या, हेडमास्तरीण आल्या."

एका दुपारी फोन उचलला तर पुरुषाचा आवाज होता. आवाज मी लगेच ओळखला. त्यानं नाव सांगायच्या आधीच माझ्या पाठीचा कणा सरळ झाला.

"मॅडम, वो बरनी," सभासद म्हणाले. "पानी एकदम हरा हो गया है. बेटी हाथ लगाने नहीं देती. उसकी माँ परेशान है. इसमें क्या डालना है?"

मनात इतकं काही आलं होतं की कुठून सुरू करावं ते कळेना. शेडबद्दल, घणाबद्दल, माझ्या रिकाम्या पर्सबद्दल.

"कुछ नहीं डालना," मी म्हटलं. "कहाँ रखी है?"

"किचन की खिड़की में."

"धूप आती है?"

"सुबह थोड़ी. फिर नहीं." ते थांबले. मागे मुलीचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. "वो बोलती है नीचे के पत्ते काले पड़ रहे हैं. मर तो नहीं जाएगा?"

"बाल्कनी में रखिए."

"कितने घंटे?"

"सहा," मी म्हटलं, आणि मराठीत बोलले हे लक्षात येऊन पुन्हा सांगितलं, "छह. कम से कम. दोपहर की तेज़ धूप में नहीं, सुबह की. और आधा पौधा निकालकर दूसरी बरनी में लगाइए. हाथ से."

"एक मिनट," ते म्हणाले. "लिख लेता हूँ."

मी थांबले. फोनमधून कागद फाडल्याचा आवाज आला, आणि मग ते हळूहळू, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत लिहू लागले.